दारासिंगचा उजवा कान

मंडळी, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने चेहऱ्यांच्या बाबतीत जरा जपूनच राहावं. तुमच्यापैकी जे माझ्या वर्गात होते (नात्यातलेच निदान तिघे आहेत, नावं सांगत नाही) त्यांना आठवत असेल, शिवकाल सुरू करताना मी आधी वा. सी. बेंद्रे यांची गोष्ट सांगायचे. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र कित्येक वर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. ते महाराजांचं नव्हे हे बेंद्र्यांनी दाखवून दिलं आणि समकालीन चित्र लोकांपुढे ठेवलं. ‘चित्राखाली नाव लिहिलंय म्हणून तो चेहरा त्याचाच असं समजू नका’ हे वाक्य मी ३१ वर्षं दरसाल म्हटलं आहे.

आता ही गोष्ट आठवायचं कारण मात्र अगदीच भलतं. आमचा इंजिनिअरिंगला असलेला नातू कॉम्प्युटरवर कुस्तीचा गेम खेळतो. खेळतो म्हणण्यापेक्षा त्यात पैलवान तयार करतो म्हणा. कंपनीने जे पैलवान दिलेत ते याला पुरत नाहीत. जे दिलेले नाहीत त्यांचे चेहरे फोटोंवरून बनवायचे आणि गेममधल्या अंगावर चढवायचे, हा याचा आणि याच्यासारख्या जगभरच्या पुष्कळ लोकांचा उद्योग. पैसे कोणी देत नाही. यंदा त्याने दारासिंग करायला घेतला आणि ‘आजी, तुझ्या काळातला माणूस आहे, मदत कर’ म्हणून मला त्यात ओढलं. ऐकणाऱ्याला वाटेल, फोटो चिकटवला की झालं. तीन महिने झाले, अजून चालू आहे! या तीन महिन्यांत ह्या विद्येचा जो इतिहास हाती लागला तो लिहून ठेवते आहे, कारण मला तो आमच्या विषयाचाच एक भाग वाटू लागला आहे.

आधी ‘टेक्श्चर’ म्हणजे काय ते सांगते. गेममधलं डोकं आतून पोकळ असतं. हजारो बारीक त्रिकोणांचं ते एक जाळं. त्याला नाक, कपाळ, हनुवटी यांचा उठाव असतो, पण रंग नसतो. भुवया, ओठांची लाली, दाढीची खुंटं, गालावरचा तीळ हे सगळं एका वेगळ्या सपाट चित्रात असतं आणि ते चित्र त्या जाळ्यावर ताणून बसवतात. त्या सपाट चित्राला म्हणायचं टेक्श्चर. आता गोल अंगावर सपाट कापड कसं बसतं हे घरी ब्लाउज बेतलेल्या बायकांना मी सांगायला नको. टक्स घ्यावे लागतात, आणि शिवण अशा जागी न्यावी लागते की ती दिसणार नाही. इथेही तेच. डोक्याचं कातडं मागच्या बाजूने उसवून टेबलावर पसरावं तसं ते चित्र दिसतं. मध्ये नाक-तोंड, दोन्ही टोकांना कान आणि गाल वाजवीपेक्षा रुंद. शिवण मागे, केसांखाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला दचकायला होतं.

ही कल्पना कुस्तीवाल्यांची नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९७१ साली आंरी गुरो नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्याने आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर रेघा आखून फोटो काढले आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये चेहऱ्याचं जाळं उभं केलं. त्या माउलीचे रेघा ओढलेले फोटो अजूनही पाहायला मिळतात. त्याच विद्यापीठात १९७४ च्या प्रबंधात एड कॅटमल यांनी अशा जाळ्यावर चित्र ताणून बसवण्याची रीत मांडली. हेच कॅटमल पुढे ‘टॉय स्टोरी’ काढणाऱ्या पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक.

कुस्तीच्या गेममध्ये ही रीत यायला मात्र पुढे वीसेक वर्षं गेली. जपानच्या ह्यूमन एंटरटेनमेंट कंपनीने १९८९ मध्ये ‘फायर प्रो रेसलिंग’ काढला. त्यातले पैलवान म्हणजे ठिपके भरून काढलेली सपाट चित्रं, अगदी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. गंमत म्हणजे खऱ्या पैलवानांची नावं थोडी बदलायची आणि चेहरा मात्र बघणाऱ्याला ओळखू येईल इतपत ठेवायचा, असा तो मामला होता. पुढच्या भागांत खेळणाऱ्यालाच पैलवान जुळवायची सोय मिळाली. डोकी तयार असत, त्यातलं एक उचलायचं. १९९५ मध्ये मिडवे कंपनीने ‘रेसलमेनिया’च्या गेममध्ये खऱ्या पैलवानांचे फोटो काढून त्यांचीच हलती चित्रं केली. चेहरा खरा, पण चित्र सपाटच.

मग आली निन्टेंडो ६४ सारखी यंत्रं, आणि पैलवानाला पाठ-पोट आलं. पण निन्टेंडो ६४ मध्ये रंगवताना टेक्श्चर ठेवायला जी जवळची जागा होती ती फक्त ४ किलोबाइट. नातवाने मला गणित करून दाखवलं. एका ठिपक्याला २ बाइट धरले तर ६४ बाय ३२ ठिपक्यांत ती जागा संपते. तुम्ही वाचताय त्या या लेखालाही त्याच्या दहापट जागा लागेल! तेवढ्यात डोळे, मिशा, रागाची आठी बसवायची. नोव्हेंबर २००० मध्ये आलेला ‘नो मर्सी’ हा त्या यंत्रावरचा नामांकित कुस्तीचा गेम. त्यातले चेहरे आज बघितले तर पोस्टाच्या तिकिटावर पावसाचा थेंब पडल्यासारखे दिसतात, तरी कोण कोण आहे ते ओळखू येतं. चेहऱ्यात ओळखीला लागणारा भाग किती थोडा असतो, हे मला त्यावरून कळलं.

तरीही तोवर सगळी मालमत्ता कार्ट्रिजच्या आत लाखबंद होती. तयार नाकं, तयार भुवया, त्यातून निवडा. कुलूप सैल झालं ते गेम घरगुती कॉम्प्युटरवर आल्यावर. २००२ मध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ रॉ’ हा गेम पीसीसाठी निघाला. कॉम्प्युटरवर फाइली समोर असतात. ज्याला त्या उघडायची युक्ती सापडली त्याने आतलं चेहऱ्याचं चित्र बाहेर काढलं, त्यावर दुसरा चेहरा रंगवला आणि त्याच नावाने परत आत ठेवलं. गेमला पत्ताच नाही! पुढे एम्युलेटर आणि नव्या युक्त्या आल्या, तेव्हा लोकांनी मागे जाऊन ‘नो मर्सी’च्या त्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या जागी मोठी, रेखीव चित्रंसुद्धा बसवली.

कंपन्यांनाही हे कळत होतं. स्केटबोर्डच्या ‘टोनी हॉक्स अंडरग्राउंड’मध्ये (२००३) स्वतःचा फोटो ईमेलने पाठवून तो चेहरा गेममध्ये आणता येत असे. त्याआधी ‘परफेक्ट डार्क’ या गोळीबाराच्या गेममध्ये छोट्या कॅमेऱ्याने कोणाचाही चेहरा काढून तो पात्रावर लावायची सोय जाहीर झाली होती, पण २००० साली गेम बाजारात आला तेव्हा ती काढून टाकलेली होती. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला होता. मुलं ओळखीच्या माणसांचे चेहरे लावून त्यांच्यावर गोळ्या झाडतील, ही शंका तेव्हा घेतली गेली. शिक्षिका म्हणून मला ती मुळीच अवाजवी वाटत नाही. दहावी ‘ब’ने कोणाचा चेहरा लावला असता ते मी इथे बसून सांगू शकते.

कुस्तीत मात्र हा दरवाजा उघडतच गेला. २००९ मध्ये आलेल्या ‘स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २०१०’मध्ये आपण बनवलेला पैलवान इंटरनेटवरून दुसऱ्यांना देता येऊ लागला. नंतर टूके कंपनीकडे ही मालिका गेल्यावर खऱ्या पैलवानांची डोकी यंत्राने स्कॅन करून घेऊ लागले आणि घरच्या लोकांनाही आपली चित्रं चढवायची सोय मिळाली. इतकं करून २०१९ च्या ‘२के२०’मध्ये खुद्द कंपनीचेच चेहरे असे वाकडेतिकडे निघाले की जगभर हसं झालं. पुढच्या वर्षीचा गेम त्यांनी काढलाच नाही. चेहरा हे प्रकरण पैसेवाल्यांनाही सोपं नाही, एवढं त्यातून दिसलं. असो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते. यातच माझे तीन महिने गेलेत, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट म्हणजे फोटो. समोरून, सरळ, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर काही भाव नाही असा. पासपोर्टचा फोटो या कामाला सर्वांत चांगला, आणि प्रसिद्ध माणसाचा नेमका तोच मिळत नाही. हसरा चेहरा चालत नाही, कारण गेममध्ये तोंड उघडण्याचं काम जाळं करतं आणि दात वेगळे बसवलेले असतात. चित्रातच दात असले तर बिचारा मार खातानाही हसत राहतो. कॅमेरा फार जवळून धरलेला असला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले. नुसता समोरचा फोटो घेतला तर गालाचा भाग कानाकडे जाताना ओढलेल्या रबरासारखा होतो, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटोही लागतात. मग गेममधलं मूळ टेक्श्चर खाली ठेवून त्यावर आपला फोटो अर्धवट पारदर्शक करून सरकवायचा. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं ही ठिकाणं एकमेकांवर आली पाहिजेत. नव्या गेममध्ये बुबुळं वेगळी असतात, चित्रात फक्त पापण्यांची कड जुळवायची. ती दोन ठिपके जरी चुकली तरी माणूस जागरण केल्यासारखा दिसतो.

पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते म्हणजे प्रकाश पुसणं. फोटोत नाकाखाली सावली असते, कपाळावर चमक असते, एक गाल उजळ आणि दुसरा काळोखात असतो. ती सावली त्या दिवसाच्या त्या दिव्याची. गेममध्ये रिंगचे स्वतःचे दिवे आहेत, ते स्वतःची सावली पाडतात. फोटोतली सावली तशीच ठेवली तर चेहऱ्यावर दोन सावल्या होतात, आणि पैलवान आडवा पडला तरी जुनी सावली नाकाखाली तशीच चिकटलेली. म्हणून फोटोशॉपमध्ये बसून ती चमक बुजवायची, सावली उजळायची, शेजारच्या कातडीचे तुकडे घेऊन डाग भरून काढायचे. शेवटी जो चेहरा उरतो तो सपाट, निस्तेज, आजारी वाटावा असा असतो. नातू म्हणाला, ‘असाच हवा गं आजी, जिवंत करायचं काम गेमचं.’

हे ऐकलं आणि मला आमचं काम आठवलं. बखर हातात आली की ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, किती वर्षांनी लिहिली ते बघायचं आणि तेवढं बाजूला काढून खाली काय उरतं ते शोधायचं. हा पोरगा तेच करत होता, फक्त माउसने.

आता दारासिंग. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जन्म १९२८, पंजाबातला. १९५९ मध्ये कलकत्त्यात राष्ट्रकुल अजिंक्यपद जिंकलं, १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. किंगकाँग नावाच्या दोनशे किलोच्या घरातल्या धिप्पाड पैलवानाशी त्याच्या लढती गाजल्या. आमचे अण्णा लाल मातीतले, तालमीत घाम गाळलेले. त्यांच्या लेखी फ्रीस्टाइल म्हणजे निव्वळ नूरा कुस्ती. पण दारासिंगचं नाव निघालं की तेही आवाज खाली आणत. पुढे तो सिनेमात गेला, ‘किंगकाँग’ (१९६२), ‘फौलाद’ (१९६३). आणि १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा हनुमान म्हणून सगळ्या देशाच्या घरात आला. त्या वेळी तो साठीला टेकलेला होता.

इथेच मोठी पंचाईत आहे. भारतात त्याचं जे रूप सर्वांत जास्त लोकांनी पाहिलं त्यात चेहऱ्याचा खालचा भाग हनुमानाच्या मुखवट्याखाली झाकलेला! इंटरनेटवर नाव टाकलं की एकतर हनुमान येतो, नाहीतर पांढऱ्या केसांचे आजोबा. कुस्ती खेळणाऱ्या वयाचे फोटो आहेत, पण लढतीतले, घाम आलेले, मान वळवलेले, वरून दिवे पडलेले.

नातवाने पहिला प्रयत्न केला तो जे मिळेल ते एकत्र करून. कपाळ एका सिनेमातलं, हनुवटी म्हातारपणच्या मुलाखतीतली, गाल लढतीच्या फोटोतला. जोडकाम सफाईदार होतं, शिवण कुठे दिसत नव्हती. पण तो चेहरा कोणत्याच दिवशी अस्तित्वात नव्हता. मी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘कोणत्या सालचा दारासिंग?’ तो गप्प. माणसाचा चेहरा म्हणजे एक गोष्ट नसते, ती तारखांची रांग असते. १९५९ चा दारासिंग वेगळा आणि १९६८ चा वेगळा. शेवटी आम्ही १९६८ ठरवलं, थेझच्या लढतीचा, चाळिशीला आलेला. त्या सालच्या आगेमागे दोन-तीन वर्षांपलीकडचा फोटो वापरायचा नाही असा नियम केला. त्यामुळे जमवलेल्यातले निम्म्याहून जास्त फोटो बाद झाले आणि नातू माझ्यावर दोन दिवस रुसला.

मग रंगाचा प्रश्न. लढतीचे फोटो कृष्णधवल. गेमला कातडीचा रंग हवा, तोही मानेखालच्या अंगाशी जुळणारा, नाहीतर गळ्यावर रेघ दिसते आणि डोकं उसनं आणल्यासारखं वाटतं (आहेच ते उसनं, पण त्याबद्दल पुढे). हल्ली कृष्णधवल फोटो रंगीत करून देणारी एआयची साधनं आहेत. नातवाने एकच फोटो तीन ठिकाणी टाकला, तीन रंग आले. तिन्ही गोरे! कातडी गुळगुळीत आणि ओठ गुलाबी. साधनाला दारासिंग माहीत नाही, त्याने जे फोटो जास्त पाहिलेत त्यांच्या सरासरीचा माणूस ते काढून देतं. शेतात आणि आखाड्यात उन्हं खाल्लेला पंजाबी जाट असा दुधाळ कसा दिसेल? जुन्या फोटोंचा रंगही जसाच्या तसा मानायचा नसतो. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला गेला. त्या सुमाराच्या फोटोच्या काचा लाल रंगाला फारशा दाद देत नसत, त्यामुळे तांबूस कातडी होती त्याहून काळी उतरे. म्हणजे जुना कॅमेरा काळं करतो आणि नवं साधन गोरं करतं. मधल्या माणसाला कोणी विचारायचं?

उत्तर सिनेमात सापडलं. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) आणि ‘आनंद’ (१९७१) हे दोन्ही रंगीत, आणि दोन्हींत दारासिंग आहे. ‘आनंद’मधला तो आखाड्यातला उस्ताद आठवतो ना? आमच्या नियमात बसणारा, १९६८ पासून तीन वर्षांच्या आतला. पण तिथेही जपून. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी विटतो आणि सगळं चित्र तांबूस होत जातं. म्हणून आम्ही त्याच चौकटीत पांढऱ्या कपड्यातला एखादा माणूस शोधला, तो कपडा पांढरा दिसेपर्यंत रंग मागे आणला आणि मग दारासिंगचा गाल बघितला. गव्हाळ, उन्हाने रापलेला, कपाळाकडे जरा गडद. तोच घेतला. ही युक्ती नातवाची. मी फक्त ‘साक्षीदार दुसरा आणा’ म्हणत बसले होते.

आता ते उसनं डोकं. गेममध्ये नवी कवटी सुरुवातीपासून घडवणं फार कष्टाचं काम, म्हणून हे लोक गेममधलाच, हाडापेराने जवळचा असा एखादा पैलवान निवडतात आणि त्याच्या डोक्यावर आपला चेहरा चढवतात. दारासिंगला रुंद जबडा आणि भक्कम मान हवी होती, तसा एक अमेरिकन सापडला. चेहरा बसला, रंग बसला, सगळं छान. रिंगमध्ये उतरवला आणि दिवा बाजूने पडला मात्र, कपाळावर तीन आठ्या उमटल्या ज्या दारासिंगच्या नव्हत्याच! त्या खालच्या माणसाच्या. झालं असं की रंगाच्या चित्राबरोबर आणखी एक चित्र असतं, ‘नॉर्मल मॅप’ म्हणतात त्याला. दिसायला सगळं जांभळट निळं. कातडीवरची प्रत्येक सुरकुती, व्रण, छिद्र कोणत्या दिशेला झुकलं आहे हे त्यात नोंदलेलं असतं आणि दिव्याचा कवडसा त्याप्रमाणे पडतो. वरचा चेहरा बदलला तरी ते खालचं चित्र जुन्या माणसाचंच राहतं. जुन्या पाटीवर खडूने नवं लिहिलं तरी आधीचं अक्षर तिरक्या उजेडात दिसावं तसं. मग ते निळं चित्रही नव्याने करावं लागलं. चार रात्री गेल्या त्यात.

सगळं झाल्यावर फाइल साठवण्याचा सोपस्कार. चित्र १,०२४ बाय १,०२४ किंवा २,०४८ बाय २,०४८ ठिपक्यांचं, मूळ चित्राच्या मापाचंच, डीडीएस नावाच्या प्रकारात. जागा वाचवायला त्यात सोळा-सोळा ठिपक्यांच्या चौकटी करतात आणि प्रत्येक चौकटीत दोनच रंग लिहून ठेवतात, मधल्या छटा त्यांवरून काढायच्या. त्यामुळे गालावरची हळुवार छटा कधी कधी फरशीसारखी चौकोनी दिसते. शिवाय लांबून दिसण्यासाठी त्याच चित्राच्या लहान लहान प्रती सोबत द्याव्या लागतात. माप किंवा प्रकार चुकला की गेम बंद पडतो नाहीतर डोकं कोळशासारखं काळं येतं. मूळ फाइलीची प्रत आधी काढून ठेवायची, हा या धंद्यातला पहिला नियम.

एका गोष्टीवरून मात्र आमचं दोघांचं जुळलं नाही. कॅनडाच्या क्रिस बेन्वा या पैलवानाने जून २००७ मध्ये आपल्या बायकोचा आणि लहान मुलाचा खून केला आणि स्वतः जीव दिला. कंपनीने त्याचं नाव शक्य तिथून काढून टाकलं. त्या वर्षीच्या गेममध्ये तो नव्हता, नंतरही आला नाही. आणि त्याचा चेहरा लोक तेव्हापासून घरी बनवतच आलेत. नातवाचं म्हणणं, तो कुस्तीच्या इतिहासात आहे, मग पुसायचा कसा? मी त्याला रोमचं उदाहरण दिलं. बादशहा सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबाचं लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. धाकटा मुलगा गेटा याला थोरल्या भावाने २११ मध्ये मारवलं आणि सगळीकडून त्याचं नाव पुसायला लावलं. त्या चित्रातही गेटाचा चेहरा खरवडलेला आहे, आणि बघणाऱ्याची नजर आज पहिल्यांदा तिथेच जाते. तेव्हा पुसल्याने माणूस जातो असं मीही मानत नाही. पण खरवडलेला गेटा हा मेलेला भाऊ होता, मारणारा नव्हे. आणि पुस्तकात नोंद करणं वेगळं, दिव्यांच्या झोतात संगीत लावून, टाळ्यांच्या गजरात कोणाला रिंगमध्ये आणणं वेगळं. पहिली नोंद झाली, दुसरा सत्कार. त्या लेकराच्या बाजूने बघितलं तर हा सत्कार मला बघवत नाही. नातवाला हे पटलेलं नाही. त्याने तो चेहरा केलेला आहे, माझ्यासमोर उघडत नाही एवढंच.

चेहऱ्यावर मालकी कोणाची हाही एक झगडा आहेच. रँडी ऑर्टन नावाच्या पैलवानाच्या अंगावरचं गोंदण जिने काढलं त्या बाईने, माझी नक्षी गेममध्ये न विचारता दाखवली म्हणून दावा लावला, आणि २०२२ मध्ये इलिनॉयच्या ज्यूरीने तिच्या बाजूने ३,७५० डॉलर ठरवले. अंग ऑर्टनचं, नक्षी तिची, गेम तिसऱ्याचा! दारासिंगच्या अंगावर गोंदण आम्ही काढणार नाही, त्यामुळे ती चिंता नाही.

२०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने दारासिंगचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घातलं, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. नाव आलं. आमच्या घरच्या गेममध्ये चेहरा नव्हता, तो आता जवळजवळ आहे. फाइलीबरोबर नातू एक छोटी टीप जोडतो आहे, ती मात्र मी लिहून दिली. कोणता भाग कोणत्या सालच्या कोणत्या फोटोवरून घेतला, रंग ‘आनंद’वरून अंदाजे आणि कवटी दुसऱ्याची, असं सगळं. इतर लोक अशी टीप जोडत नाहीत म्हणे. न जोडोत.

राहिलंय ते एकच. डावी बाजू चांगली मिळाली आहे, कानासकट. उजव्या बाजूचा, त्या दोन-तीन वर्षांतला स्वच्छ फोटो मिळत नाही. सगळे लोक अशा वेळी डावी बाजू आरशासारखी फिरवून उजवीकडे लावतात. पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या की चेहरा बाहुल्यासारखा दिसतो, आणि पैलवानाचे कान तर आरशात फिरवून चालतच नाहीत, ज्याने एकदा तालीम पाहिली आहे त्याला हे ठाऊक आहे. तेव्हा मुंबईची मंडळी, विशेषतः ज्यांच्या घरची माणसं त्या काळी वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियमवर कुस्त्या बघायला जायची, त्यांनी जुने अल्बम आणि जपून ठेवलेली मासिकं जरा चाळावीत. १९६५ ते १९७१ मधला, उजवीकडून काढलेला फोटो हवा आहे. मोबाइलवरून काढून पाठवलात तरी चालेल, फक्त फ्लॅश बंद ठेवून काढा, नाहीतर ती चमक पुसायला पुन्हा आठवडा जाईल.